वाचकांचे प्रश्न : वाळवण यंत्राचा पुरेपूर उपयोग

प्रश्न : आमच्याकडे अन्न वाळवण्याचे घरगुती यंत्र, म्हणजे डिहायड्रेटर आहे. सफरचंद आणि केळ्याच्या चकत्या करून झाल्या, सर्वांनी आवडीने खाल्ल्या, आणि तेव्हापासून यंत्र कपाटात पडून आहे. त्याचा आणखी काय उपयोग करता येईल?

उत्तर : चकत्या हा या यंत्राचा सर्वांत सोपा उपयोग आहे, सर्वांत मोठा नव्हे. खाऊ संपला की यंत्राची गरजही संपते. स्वयंपाकात वरचेवर लागणारे जिन्नस वाळवू लागलात, तर मात्र ते कपाटात परत जाणार नाही, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात टोमॅटोपासून करावी. पाच-सहा मिलिमीटर जाडीचे काप ५७ अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण कडक होईपर्यंत वाळवून त्यांची पूड केली, तर चमचाभर पुडीने सूपला दाटपणा, रंग आणि आंबटपणा एकदमच मिळतो. प्युरी गाळल्यानंतर उरणाऱ्या सालीसुद्धा अशाच वाळवता येतात. अळिंबीची पूड तर मी प्रत्येकाला सुचवीन, कारण वाळल्यावर तिची चव कमालीची गाढ होते. मात्र पूड हवेतील ओलावा झपाट्याने शोषून घेते आणि तिचे गोळे होतात. म्हणून काप तसेच साठवावेत व लागेल तेवढीच पूड वेळोवेळी दळावी.

गाजर, मटार, मका, कांदा अशा भाज्यांचे मिश्रण तयार ठेवले, तर प्रवासात किंवा घाईच्या दिवशी केवळ गरम पाणी घालून सूप होते. कांदा, टोमॅटो आणि अळिंबी थेट वाळवता येतात. गाजर, मटार आणि मका मात्र आधी काही मिनिटे वाफवून घ्यावेत, कारण त्यांच्यातील विकरे, म्हणजे एन्झाइम, उष्णतेने निष्क्रिय झाली नाहीत, तर साठवणीत रंग आणि चव बिघडत जाते. प्रत्येक भाजी वेगळी वाळवून नंतर एकत्र करणे उत्तम, कारण प्रत्येकीला लागणारा वेळ निराळा असतो.

फार पिकलेल्या फळांचा गर ताटलीत पातळ पसरून त्याच्या पोळ्या करता येतात. कडा मध्यभागापेक्षा लवकर वाळतात, त्यामुळे गर मध्ये सुमारे तीन मिलिमीटर आणि कडेला थोडा जाड ठेवावा. सुगंधी पानांसाठी तापमान ३५ ते ४५ अंशांदरम्यानच असावे, नाहीतर ज्या तेलांमुळे सुगंध येतो तीच उडून जातात. वापरताना ताज्या पानांच्या साधारण एक-तृतीयांश वाळकी पाने पुरतात. मऊ पडलेली बिस्किटे पुन्हा कुरकुरीत करणे आणि शिळ्या पावाचा चुरा वाळवणे हीदेखील या यंत्राची कामे आहेत.

प्रश्न : जर्दाळूच्या फोडी बाहेरून अगदी कोरड्या दिसत होत्या, तरी बरणीत काही दिवसांतच बुरशी आली. असे का व्हावे?

उत्तर : बहुधा तापमान सुरुवातीपासूनच फार वाढवले गेले असावे. बाहेरचा थर आतल्या पाण्याच्या आधी कडक झाला, की त्या कवचातून ओलावा बाहेर पडू शकत नाही, आणि फोड वरून कोरडी पण आतून ओली राहते. वेळ वाचवण्यासाठी उष्णता वाढवण्याचा मोह म्हणूनच टाळावा. घड्याळावरही विसंबू नये. फळाचा रसाळपणा, कापांची जाडी आणि खोलीतील दमटपणा यांनुसार तासांचा हिशेब बदलतो. एखादी फोड पूर्ण गार करून मधोमध कापावी आणि दाबावी : ओल दिसता कामा नये, आणि दुमडली तर तिचे भाग एकमेकांना चिकटता कामा नयेत. भाज्यांची कसोटी याहून कडक आहे, त्या कडकन मोडल्या पाहिजेत.

याशिवाय फळांच्या बाबतीत एक पायरी कधीही गाळू नये. वाळलेल्या, गार झालेल्या फोडी काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरून, झाकण लावून, सात ते दहा दिवस ठेवाव्यात आणि बरणी रोज हलवावी, म्हणजे काही फोडींतला उरलेला ओलावा सर्वांत सारखा वाटला जातो. या काळात काचेच्या आतल्या बाजूस बाष्प दिसले, तर सर्व फोडी पुन्हा यंत्रात घालाव्यात. बुरशी दिसली, तर मात्र निवडत बसू नये. संपूर्ण बरणी टाकून द्यावी.

प्रश्न : वाळवल्याने जीवनसत्त्वे नष्ट होतात का? आणि मांस वाळवता येईल का?

उत्तर : 'क' जीवनसत्त्व बऱ्याच प्रमाणात घटते, तंतू आणि खनिजे मोठ्या अंशी टिकतात. पाणी गेल्याने साखर एकवटते, त्यामुळे वाळलेली फळे मोजून खावीत. मांस वाळवता येते, परंतु चरबी पूर्ण काढावी, कारण ती वाळत नाही आणि खवट होते. वाळवण्याआधी मांस आतून ७१ अंशांपर्यंत, तर कोंबडीचे मांस ७४ अंशांपर्यंत तापवलेले असले पाहिजे. यंत्रातील संथ उष्णतेवर जंतू मारण्याची जबाबदारी टाकता येत नाही. कच्ची अंडी आणि दूध घरच्या यंत्रात वाळवूच नये.