पाकिटावरचा 'दुसरा' आणि नाण्यावरचा सिंह

प्रश्न : संभाजीनगरला नाण्यांच्या प्रदर्शनात हे तांब्याचं नाणं घेतलं. पाकिटावर 'आर्मेनिया, लेव्हॉन दुसरा, १२७०-१२८९' असं लिहिलंय. सोनाराकडे वजन केलं, साडेसात ग्रॅम भरलं. एका बाजूला मुकुट घातलेलं सिंहाचं तोंड, मागे दोन आडव्या दांड्यांचा क्रूस. चिंचेनं घासल्यावर अक्षरं जरा उठली. माहिती बरोबर आहे का?
— एक वाचक, अंबड

उत्तर : राजा चुकलाय. हे नाणं लेव्हॉन पहिला याचं, म्हणजे पाकिटावरच्या सालांपेक्षा निदान पन्नास वर्षं जुनं.

हे आर्मेनियन राज्य भूमध्य समुद्राजवळ, आजच्या तुर्कस्तानातल्या किलिकियात होतं. आधी तिथं राजे नव्हते, सरदार होते. त्यांतही एक लेव्हॉन होऊन गेला. त्याच्या याच नावाच्या नातवानं ११९८च्या सुमारास मुकुट घातला. सरदारांपासून मोजलं तर हा नातू दुसरा, राजांपासून मोजलं तर पहिला. राजांच्या यादीतला दुसरा लेव्हॉन म्हणजे नंतरच्या हेतुम राजाचा मुलगा, १२७० ते १२८९. विकणाऱ्यानं आकडा एका यादीतून उचलला आणि सालं दुसरीतून.

नाण्यावर आकडा नसतोच. 'लेव्हॉन, आर्मेनियनांचा राजा' एवढंच, आणि त्या नावाचे राजे पाच! आमच्या पैठणला सातवाहनांच्या नाण्यावर 'सातकणिस', म्हणजे 'सातकर्णीचं', एवढंच वाचलं की हात असाच थबकतो, कारण सातकर्णीही अनेक झाले. पण त्यांच्या बऱ्याच नाण्यांवर 'गोतमिपुत', 'वासिठिपुत' असं आईचं नाव येतं, निदान धागा तरी सापडतो. इथं तेही नाही. मग चित्राकडं बघायचं. लेव्हॉन या नावाचा अर्थच सिंह. समोर बघणारं मुकुटधारी सिंहमुख आणि मागे दुहेरी क्रूस, ही जोडी पहिल्या राजाच्या 'तांक' या तांब्याच्या नाण्याची. हेतुमच्या तांकावर सिंहाच्या जागी सिंहासनावर बसलेला राजा येतो, आणि पुढं पुढं तांब्याची नाणी लहान, हलकी होत जातात. तुमचे साडेसात ग्रॅमही पहिल्याच राजाकडं बोट दाखवतात. क्रूसाभोवतीची अक्षरं 'सीस शहरात घडवलं' अशी आहेत. सीस ही राजधानी.

आणि चिंच! नाणं म्हणजे देवघरातला तांब्या नव्हे हो. आठशे वर्षांत चढलेलं ते काळसर-हिरवं पुट तांब्याला जपतं, एकदा गेलं की परत येत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सिंहाच्या डाव्या गालावर गुलाबी तांबं उघडं पडलेलं बघून जीव कळवळला. आता कोरड्या सुती कपड्याशिवाय काही लावू नका. पाकिटावरची चिठ्ठी फाडू नका, आत दुसरी घाला : 'लेव्हॉन पहिला, ११९८-१२१९, सीस.'