फेब्रुवारीत हरभऱ्याची फुलं गळतात: वाण कोणता घ्यावा?

औसा तालुक्यातल्या एका शेतकरी दादांचा प्रश्न आहे: "सोयाबीन निघायला दिवाळी उलटली. हरभरा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरला. फेब्रुवारीत फूल भरपूर, घाटे (शेंगा) मात्र नावाला. उन्हाला टिकणारं बियाणं सांगा."

दादा, वाण सांगतो, पण आधी खात्री करा की घात उन्हानेच केला. हरभरा खालून वर फुलत जातो, त्यामुळे झाडावर तारखाच लिहिलेल्या असतात म्हणा ना. खालच्या पेरांवर भरलेले घाटे, मधे पोचट आणि शेंड्याकडे नुसते केसासारखे वाळके देठ असतील, तर ते ऊनच. उलट खालचे देठ रिकामे आणि वर घाटे भरलेले असतील, तर फूल थंडीने किंवा ढगाळ हवेने गळलं. तिथे उन्हाला टिकणारं बियाणं घेऊन उपयोग नाही.

फुलोऱ्यात पारा 35 अंशांच्या वर राहू लागला की परागकण निकामी होतात. फूल दिसतं, पण घाटा धरत नाही. फेब्रुवारी सरता सरता आपल्याकडे पारा तिथवर पोचतो. 2023 चा फेब्रुवारी तर दिवसाच्या तापमानात देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण ठरला होता.

उशिरा पेरणीत उन्हाला टिकण्यासाठी मुद्दाम निवडलेला वाण म्हणजे जेजी 14. मूळ इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेचा, तिथला क्रमांक आयसीसीव्ही 92944. मध्य प्रदेशातून पुढे आला, म्यानमारमध्ये येझिन 6 नावाने पेरला जातो. तो मिळाला नाही तर राहुरी विद्यापीठाचा विजय घ्या. दाणा बारीक, पण पाण्याचा ताण सोसतो आणि उशिरा पेरणीलाही चालतो. दाणा टपोरा हवा असेल तर दिग्विजय. काबुलीच्या नादी डिसेंबरात लागू नका. विजयचं बियाणं एकरी 26 ते 28 किलो लागतं. उशीर झाला असेल तर थोडं वाढवा, कारण झाडाचा पसारा कमी राहतो.

तरी माझं स्पष्ट मत असं, की हरभऱ्याचा वाण जूनमध्येच ठरतो. लांब मुदतीचं सोयाबीन पेरायचं आणि डिसेंबरात हरभऱ्याकडून चमत्कार मागायचा, हे जमत नाही. 95 दिवसांच्या आतबाहेर निघणारं सोयाबीन घ्या. बागायती हरभरा 10 नोव्हेंबरच्या आत पडला, तर बरेचसे घाटे उन्हाच्या आधीच भरतात. मग साधा वाणही पुरतो. मात्र घाई करून गरम जमिनीत सप्टेंबरातच बागायती पेरा उरकू नका, मर (झाड वाळवणारा बुरशीजन्य रोग) वाढते.

मरीवरून आठवलं. उदगीरकडच्या एका ताईंनी विचारलंय की मर प्रतिकारक बियाणं घेऊनही झाडं का वाळली. ताई, वाळलेलं झाड उपटून बघा. खोड उभं चिरल्यावर आत काळपट तपकिरी रेघ दिसली तर ती मर. पण सोटमूळ काडीसारखं कटकन तुटून जमिनीतच राहिलं आणि आडव्या मुळ्या झडलेल्या असतील, तर ती कोरडी मूळकूज. पारा 30 च्या वर आणि जमिनीत ओल कमी, की ती बळावते. मर प्रतिकारक वाण तिला दाद देईलच असं नाही. बीजप्रक्रियेला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी वापरा, त्या रानात हरभऱ्यावर हरभरा घेऊ नका आणि घाटे भरताना जमीन भेगाळू देऊ नका. पाणी हलकं द्या. भारी काळ्या रानात तुंबवलंत, तर दुसरंच दुखणं ओढवेल.

फुलं गळायची थांबवणाऱ्या औषधांविषयीही बऱ्याच जणांनी विचारलंय. निकामी परागकण कोणत्याही बाटलीने जिवंत होत नाहीत. फुलोऱ्यात 2 टक्के युरियाची फवारणी, म्हणजे 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम, झाडाला आधार देते आणि दाणा भरायला मदत करते. ती सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करा.

जेजी 14 चं बियाणं ऐन पेरणीत शोधत फिरू नका. ऑगस्टमध्येच विद्यापीठाच्या बीज विक्री केंद्रावर आणि महाबीजकडे चौकशी करा, आणि पहिल्या वर्षी अर्ध्या एकरावर आपल्या नेहमीच्या वाणाशेजारीच पेरून बघा.