तेच गाणे वीस मिनिटांचे कसे झाले?

प्रश्न : डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘मेड इन जपान’ या मैफलींच्या अल्बममधील ‘स्पेस ट्रकिन’ जवळपास वीस मिनिटे चालते, स्टुडिओत मुद्रित झालेले मूळ गाणे मात्र साडेचार मिनिटांचेच आहे. हा वाढीव भाग नंतर जोडलेला असावा का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : नाही, तो रंगमंचावरच घडला. ऑगस्ट १९७२ मधील जपान दौऱ्यात, १५ व १६ तारखेला ओसाका येथे आणि १७ तारखेला टोकियोच्या बुडोकान सभागृहात झालेल्या तिन्ही मैफली ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च यांनी आठ ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांतून निवडलेली सात गाणी दोन तबकड्यांवर आली. आपण मालवणचे असल्याने दशावताराचे उदाहरण द्यावेसे वाटते : आख्यान ठरलेले असते, पण संवाद लिहिलेले नसतात, आणि नट रंगला की पेटी व मृदंग त्याच्या मागोमाग जातात. येथेही ऑर्गनवादक जॉन लॉर्ड आणि गिटारवादक रिची ब्लॅकमोर परस्परांचे ऐकत गाणे पुढे नेतात. माझ्या मते या संचाचे खरे सौंदर्य त्या ऐकण्यात आहे; म्हणून इयन पेस यांच्या ढोलवादनाकडे लक्ष ठेवून ते गाणे पुन्हा एकदा सलग ऐकावे.