जर्मनीत नर्स म्हणून यायचंय? आधी भाषा, मग करारपत्र, मग पैसे

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही तुला 'तू'च म्हणते. तुझं पत्र थोडक्यात असं: मूळची कराडची, बी.एस्सी. नर्सिंग, पुण्यात आयसीयूत चार वर्षं. जर्मन भाषेची बी1 (मधली पातळी) झाली आहे. नवरा आयटीआय इलेक्ट्रिशियन, मुलगी तीन वर्षांची. एजंट साडेचार लाख मागतोय आणि म्हणतोय, "बी1 पुरे, तिकडे गेल्यावर बाकीचं आपोआप होतं." तू विचारलंस, येऊ का?

ये. पण त्या एजंटाच्या सांगण्यावरून नको, आणि बी1 वर नको.

मी मिरजेची. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून सांगलीत सहा वर्षं काढली आणि 2019 मध्ये इथे, स्टुटगार्टपासून रेल्वेनं अर्ध्या तासावरच्या एका गावात आले. मेडिसिन वॉर्डात आहे. त्यामुळे जे सांगते ते स्वतः अनुभवलेलं आहे.

पहिलं म्हणजे इथे नर्स काय काम करते हे नीट समजून घे, कारण आपल्या मुली सगळ्यात जास्त इथेच खचतात. आपल्याकडे स्पंजिंगला मावशी असतात, पेशंट सरकवायला मामा असतात, आणि भरवायला, पाणी द्यायला नातेवाईक चोवीस तास खाटेशी बसलेले असतात. इथे ते सगळं नर्सचं काम आहे. सकाळी सहाला आधीच्या पाळीकडून हँडओव्हर घ्यायचा आणि लगेच अंघोळी, तोंड धुणं, दातांची कवळी, बेडपॅन, डायपर, कुशीवर वळवणं. नातेवाईक येतात ते दुपारी फुलं घेऊन, तासाभरासाठी. उलट ज्या गोष्टींवर आपली हुशारी ठरते, म्हणजे पहिल्या टोचणीत व्हेन मिळवणं, इंट्राकॅथ (शिरेतली नळी) लावणं, ते माझ्या वॉर्डात डॉक्टर करतात. पहिल्या तीन महिन्यांत मी आईला फोनवर रडत म्हटलं होतं की मला इथे मावशी करून ठेवलंय.

आज मी तसं म्हणणार नाही. अंघोळ घालताना पाठीवरचा लालसर डाग दिसतो, श्वास लागतोय का ते कळतं, काल स्वतः उठणारे आजोबा आज का उठत नाहीत ते कळतं. 2020 पासून लागू असलेल्या इथल्या नर्सिंगच्या कायद्यात रुग्णाच्या सेवेची गरज ठरवणं, तिचं नियोजन करणं आणि तिच्या दर्जाची जबाबदारी ही कामं फक्त पात्र नर्ससाठी राखीव आहेत. डॉक्टरलासुद्धा ती परस्पर दुसऱ्या कुणाला सोपवता येत नाहीत. सांगलीत माझ्या सहा वर्षांत राउंडला मला कुणी "सिस्टर, तुमचं मत काय?" असं विचारलं नव्हतं. इथे रोज विचारतात, आणि उत्तर द्यावं लागतं. जर्मनमध्ये.

म्हणून भाषा. बी2, म्हणजे त्याच्या पुढची पातळी, पुण्यातच संपव. मॅक्सम्युलर भवनात कर किंवा दुसरीकडे, पण परीक्षा मान्यताप्राप्त हवी. आणि बी2 झालं तरी पहिल्या दिवशी तुला अर्धंच कळेल, कारण इकडचे म्हातारे लोक श्वेबिश या इथल्या बोलीत बोलतात. माझी एक चूक सांगते. आमच्या वॉर्डात एक आजी "फूस" दुखतोय म्हणाल्या. मी पुस्तकात शिकले होते, फूस म्हणजे पाऊल आणि बाईन म्हणजे पाय. मी पाऊल पाहिलं, काही दिसलं नाही, नोंद केली आणि पुढे गेले. पुढच्या पाळीतल्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी पांघरूण वर केलं तर पोटरी सुजून गरम झालेली. शिरेत गुठळी होती. श्वेबिशमध्ये फूस म्हणजे कंबरेपासून खाली सगळा पाय. आपल्या मराठीतही 'पाय दुखतोय' म्हणजे नेमकं काय ते विचारावंच लागतं ना? मराठीत मी ते आपोआप विचारलं असतं. जर्मनमध्ये शब्द ओळखीचा वाटला याच समाधानात विचारायचं राहून गेलं. आजी बऱ्या झाल्या, पण त्या दिवसापासून मी पेशंटला बोटानं दाखवायला सांगते.

आता मान्यतेबद्दल. त्याला आनेर्केनुंग म्हणतात. ती मिळेपर्यंत तू नर्स नाहीस, मदतनीस आहेस, आणि पगारही मदतनिसाचाच. तुझा अभ्यासक्रम तपासून इथलं कार्यालय कमतरता कळवतं. मग दोन वाटा असतात, ज्ञानपरीक्षा किंवा काही महिन्यांचं जुळवणूक प्रशिक्षण. 2024 पासून कागदांची सविस्तर तुलना नको असं लिहून देऊन थेट या दोन्हींपैकी एक घेता येतं. त्यानं बराच वेळ वाचतो. मी घाईनं परीक्षा घेतली आणि प्रात्यक्षिकात पहिल्यांदा नापास झाले. हात चांगले चालले, पण मी आजोबांना न विचारता त्यांचा शर्ट काढला, पाणी किती गरम हवं ते विचारलं नाही, पूर्ण वेळ गप्प राहिले. परीक्षक म्हणाल्या, तुम्ही शरीराची सेवा केलीत, माणसाची नाही. ती परीक्षा एकदाच पुन्हा देता येते. दुसऱ्या खेपेला मी अखंड बोलत होते. तुझा आयसीयूचा अनुभव व्हेंटिलेटरवरच्या, न बोलणाऱ्या पेशंटचा आहे, म्हणून तुला मी प्रशिक्षणाचीच वाट सुचवेन. वेळ थोडा जास्त लागेल, पण वॉर्डातलं बोलणं अंगवळणी पडेल.

आयसीयू सोडावं लागेल का, या तुझ्या भीतीवर: मान्यता मिळेपर्यंत बहुधा हो, नंतर नाही. इथे अतिदक्षता विभागात एका नर्समागे दिवसा सरासरी 2 आणि रात्री 3 पेशंट ही कायद्याची मर्यादा आहे. माझ्या मेडिसिन वॉर्डात ती दिवसा 10 आणि रात्री 22 आहे. यावरून कष्टाचा अंदाज कर. पुढे आयसीयू आणि भूल यांचं दोन वर्षांचं विशेष प्रशिक्षण नोकरी सांभाळून करता येतं आणि पगाराची श्रेणी वाढते. शिकवण्याची आवड असेल तर 300 तासांचं प्रशिक्षण घेऊन विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवणारी नर्स होता येतं. मी तेच केलं. फक्त एक कर, पहिली नोकरी वृद्धाश्रमाची घेऊ नकोस. ते काम हलकं नाही, फार मोलाचं आहे, पण तिथून आयसीयूत परत येणं अवघड जातं.

पैसे. मला सगळे भत्ते धरून महिना साधारण 3,700 युरो पगार आहे. कर, आरोग्यविमा, पेन्शन, बेकारी विमा कापून हातात 2,450 च्या आसपास येतात. भाडं आणि हीटिंग मिळून 820. एजंट नेहमी पहिला आकडा रुपयांत करून दाखवतो, तू दुसरा कर आणि त्यातून भाडं वजा कर. मान्यतेपूर्वीचा आकडा याहून बराच कमी असेल. नवरा भारतात असेपर्यंत कर एकट्या माणसाचा लागतो, तेही लक्षात ठेव.

आणि तो एजंट. भारतात परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला 1983 च्या कायद्याखाली परवाना लागतो, आणि उमेदवाराकडून घ्यायची फी 30,000 रुपये अधिक जीएसटी, एवढीच. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव आहे का बघ. साडेचार लाख मागणारा माणूस पहिल्याच पायरीला कायद्याबाहेर आहे. इथे चांगली रुग्णालयं भरतीचा खर्च स्वतः करतात, आणि तसं करणाऱ्यांना नर्सिंगच्या न्याय्य भरतीचं सरकारमान्य चिन्ह मिळतं. महाराष्ट्र सरकारनं 2024 मध्ये आमच्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याचं नाव घेऊन कुणी पैसे मागितले तर सरकारी पत्र दाखवायला सांग. माझ्याबरोबर आलेल्या एका मैत्रिणीनं शेत गहाण टाकून एजंटाचे पैसे भरले होते. ते फिटायला तिला तीन वर्षं लागली, आणि त्या तीन वर्षांत वडील गेले तेव्हाही तिच्याकडे तिकिटाला पैसे नव्हते. हे मला आजही बोलताना जड जातं.

नवऱ्याचं सांगते. त्याचा आयटीआय ट्रेड दोन वर्षांचा, इथलं इलेक्ट्रिशियनचं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं. त्यामुळे पूर्ण मान्यता लगेच मिळणं कठीण, पण अर्धी मिळून कामाचा अनुभव जोडता येतो, आणि इलेक्ट्रिशियनला मागणी खूप आहे. तुझा जोडीदार म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर तो आला तर त्याला कुठलंही काम करता येतं. त्याला आजपासून जर्मन शिकायला बसव. बायको ड्युटीवर आणि नवरा चार भिंतींत गप्प, यानं मोडत आलेले दोन संसार मी जवळून पाहिलेत. मुलीची काळजी सगळ्यात कमी कर, ती बालवाडीत सहा महिन्यांत तुम्हा दोघांना दुरुस्त करायला लागेल. पण तिला मराठी घरात बोलत ठेवा.

पुण्यातून निघण्यापूर्वी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू ठेव, आणि कॉलेजकडून विषयवार तासांचं पत्रक आत्ताच मागून घे. इथून मागवताना माझे पाच महिने गेले होते. करारपत्र हातात आलं की सही करण्याआधी परतफेडीचं कलम शोध: किती वर्षांच्या आत नोकरी सोडली तर किती युरो परत द्यायचे. तुझं नाव-पत्ता झाकून ते पान मला पाठव. या आठवड्यात माझ्या रात्रपाळ्या आहेत, रविवारी निवांत वाचून कळवते.