नवी चेन, जुने दाते

प्रश्न : काका, इंदूरला सांवेर रोडवर आमचं छोटं युनिट आहे. कन्व्हेयरची चेन दात्यांवरून उडायची म्हणून नवी टाकली, तर दोनच महिन्यांत परत खडखड सुरू. चेनच खराब निघाली का?

उत्तर : चेनला दोष देण्याआधी मशीन बंद करून, मेन स्विच काढून स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक, नीट बघा हो. दाते एका बाजूला वाकल्यासारखे, आकड्यासारखे झालेत का? तसं असेल तर नवी चेन त्यावर टिकणारच नाही. कसंय, चेनचा रोलर दोन दात्यांमधल्या खोबणीत बसतो आणि ओढ एकाच दात्यावर न येता चारपाच दात्यांत वाटली जाते, पण आत पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, झिजले की चेन लांबते, पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर) वाढतो, मग रोलर खोबणीत न बसता दात्यावर वर वर चढतो, ओढ थोड्याच दात्यांवर येते आणि शेवटी चेन उडते. दाते असे खाल्ले गेले की नव्या चेनचेही हाल.

मोजून बघा. अर्ध्या इंची, म्हणजे 12.7 मिमी पिचच्या चेनचे 20 पिच ताणून धरले की 254 मिमी भरायला हवेत. 261च्या पुढे गेले, म्हणजे जवळपास 3 टक्के, तर चेन संपली, आणि मोठ्या स्प्रॉकेटला तर त्याआधीच बदलावी लागते.

अजून एक, लहान स्प्रॉकेट किती दात्यांचं आहे? 11 दात्यांवर प्रत्येक दात्यागणिक चेनचा वेग सुमारे 4 टक्के वरखाली होतो, 17वर पावणेदोनच्या आसपास. जागा असेल तर 17चंच घ्या, आणि चेन-स्प्रॉकेट जोडीनंच बदला.