आधी ॲश कुठला ते बघा, करवत नंतर

ॲशच्या झाडांबद्दल इतके मेसेज आलेत की यावेळी फक्त तेच घेतोय. ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात, एमराल्ड ॲश बोअरर हा पाचूसारखा हिरवा, जेमतेम अर्धा इंच लांब भुंगा, मूळचा ईशान्य आशियातला. अमेरिकेत २००२ साली डेट्रॉइटजवळ सापडला आणि तेव्हापासून त्याच्या सालीखाली पोखरणाऱ्या अळ्यांनी कोट्यवधी ॲश मारलेत.

बॅकयार्डात मोठं झाड आहे, शेजारी म्हणतात ॲश, नवरा म्हणतो अक्रोड. कसं ओळखायचं? (न्यू जर्सी)

पान राहू दे, आधी फांदी बघा. ॲशच्या फांद्या आणि पानं समोरासमोर फुटतात, आपल्या पारिजातकासारखी, आणि हे नुसतं साम्य नाही हं, पारिजातक, मोगरा, जाई-जुई आणि ॲश सगळे एकाच कुळातले. पान मात्र कडुनिंबासारखं, एका दांड्यावर पाच ते अकरा छोटी पानं. अक्रोडाचंही तसंच दिसतं पण ते फांदीवर एक इकडे एक तिकडे येतं, त्यामुळे तुमचा वाद तिथेच मिटेल. चार-पाच फांद्या बघा मात्र, समोरची फांदी मोडलेली असली की फसायला होतं. बॉक्स एल्डरचीही पानं समोरासमोर असतात, पण त्याच्या बिया पंखवाल्या आणि जोडीने लटकतात, ॲशची एकेकटी, वल्ह्यासारखी. बी दिसलं नाही म्हणून ॲश नाही असं समजू नका, नर झाडाला बी येतच नाही. आणि माउंटन ॲश नावापुरताच ॲश, तो गुलाबाच्या कुळातला, हा किडा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

व्हाइट आणि ग्रीन ॲशमध्ये फरक काय, आणि त्याने काही फरक पडतो का? (ओहायो)

ओळखायचं तर पान गळल्यावर फांदीवर जो व्रण राहतो तो बघा. व्हाइटमध्ये व्रणाला वरून खाच असते आणि कळी त्या खाचेत बसते, ग्रीनमध्ये वरची कड जवळजवळ सरळ आणि कळी तिच्यावर. किड्याला ग्रीन जास्त आवडतो, व्हाइट जरा कमी, पण ट्रीटमेंट नसेल तर दोघंही सहसा जातात. दलदलीतला ब्लॅक ॲश, ज्याच्या पट्ट्यांपासून तिथले मूलनिवासी पिढ्यान् पिढ्या टोपल्या विणत आलेत, त्याचे हाल तर बघवत नाहीत.

खरा बघण्यासारखा आहे तो ब्लू ॲश. कोवळी फांदी बोटांत धरून फिरवा, चौकोनी लागते, पारिजातकाची लागते ना तश्शी! मिशिगनमध्ये किडा येऊन गेलेल्या जंगलांत पाहणी झाली तेव्हा ६० टक्क्यांहून जास्त ब्लू ॲश जिवंत होते आणि शेजारचे मोठे व्हाइट ॲश जवळपास सगळे मेलेले. आशियातला मांचुरियन ॲश त्याहून चिवट, कारण तो या किड्यासोबतच वाढलाय, अळी सालीखाली शिरली तरी तिथल्या रसायनांमुळे तिचं फारसं चालत नाही. पण पाण्याचा ताण पडला की तोही कमजोर होतो, तेव्हा "रेझिस्टंट आहे" म्हणून उन्हाळ्यात पाणी तोडू नका.

आई रत्नागिरीहून आलीये, म्हणते आंब्याला भिरूड (खोड पोखरणारा किडा) लागला की भोकात तार घालून अळी काढतात, इथे का नाही करत? आणि कडुनिंबाचं तेल चालेल का? (मिसिसागा, कॅनडा)

आईंना नमस्कार सांगा, आंब्यासाठी त्यांचं बरोबरच आहे. भिरूड भोकातून भुसा बाहेर टाकतो, त्यामुळे आत अळी आहे हे कळतं. इथे उलटं आहे. मी मेलेल्या ॲशची साल सोलतो तेव्हा खाली अळीच्या नागमोडी वाटा दिसतात, एकीवर एक, आणि सगळ्या भुशाने गच्च भरलेल्या, बाहेर काहीच पडलेलं नसतं. खोडावर इंग्रजी डी अक्षरासारखं तीन-चार मिलिमीटरचं भोक दिसतं ते अळीचा भुंगा होऊन उडून गेल्याचं, मग तार घालून काय मिळणार? शिवाय किड सुरू होते शेंड्याकडून, डोळ्यांच्या उंचीला भोकं दिसेपर्यंत काही वर्षं गेलेली असतात. म्हणून शेंडा विरळ होतोय का, सुतारपक्ष्यांनी साल सोलून फिकट पट्टे पाडलेत का, बुंध्यातून कोवळे फुटवे येतायत का, हे बघत राहा.

शेंडा साधारण ३० टक्क्यांपेक्षा कमी विरळ असेल तर झाड वाचवता येतं. अमेरिकेत लायसन्सवाला माणूस एमामेक्टिन बेंझोएट या कीटकनाशकाचं इंजेक्शन खोडात देतो, पानं फुटल्यावर, आणि ते दोन, कधी तीन वर्षं पुरतं. आणि कडुनिंब! कॅनडात निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन याच किड्यासाठी खोडात टोचतात, तुमच्याकडे विचारून बघा. पण बाटलीतलं तेल सालीवर फवारून उपयोग नाही, अळी सालीखाली असते, तिथे ते पोचत नाही.

गल्लीतले सगळे ॲश मेले, आमचा एकच हिरवागार आहे, औषध कधी दिलेलं नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो आजना उद्या मरणारच, आत्ताच पाडा. (मिशिगन)

नका पाडू, प्लीज. माझ्या रस्त्यावरही एक असाच होता, कुणीतरी असंच सांगितलं आणि तो गेला, मी कामावरून आलो तर बुंधाच उरलेला, सालीखाली एकही वाट नव्हती. अजून वाईट वाटतं. आजूबाजूचे मोठे ॲश मरून दोन वर्षं झाली तरी जो तग धरून आहे त्याला लिंगरिंग ॲश म्हणतात, आणि अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसचे लोक ओहायोत अशाच झाडांची कलमं करून, त्यांचे संकर करून किड्याला टिकणारी रोपं तयार करतायत. तुमच्या काउंटीच्या एक्स्टेंशन ऑफिसला (शेती-बागेचा सल्ला देणारं स्थानिक ऑफिस) फोटो पाठवा, आणि आत्ता औषध देऊ नका, नाहीतर झाड स्वतःच्या ताकदीवर टिकलंय की औषधावर हे कळणारच नाही. मेलेले मात्र लवकर पाडून घ्या, ॲश मेला की फार पटकन ठिसूळ होतो, त्यावर कुणाला चढू देऊ नका.

ॲशच्या जागी फ्रिंज ट्री लावू का? (पेनसिल्व्हेनिया)

फुलं सुंदर असतात, लावा. पण पांढरा फ्रिंज ट्रीही त्याच कुळातला आणि हा किडा त्यातही सापडलाय, तेव्हा दर वसंतात खोडावर डी आकाराची भोकं आहेत का बघत जा.