शॉप घेऊ का, असं विचारलंस म्हणून

प्रिय बाळ,

तुझा मेसेज परवाच वाचला. ग्रेड ११ ला मॅन्युफॅक्चरिंगचा कोर्स, म्हणजे शाळेच्या वर्कशॉपमधला 'शॉप', घ्यावासा वाटतोय, आई म्हणते लेथबिथ ते अभ्यासात मागे पडलेल्या पोरांसाठी, आणि बाबा "काकांना विचार" म्हणून मोकळे झाले. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण आईचं ते वाक्य तिचं एकटीचं नाहीये गं, ते या टोरंटो शहरात तिच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून फिरतंय, आणि ते इथल्या जुन्या टेक्निकल शाळांमधून कसं आलं हे तुला माहीत असलेलं बरं. त्यामुळे लांबण लावतो, चहा घेऊन बस.

मी इथे आलो ते पॉइंट सिस्टिम, म्हणजे शिक्षण-कौशल्याला गुण देऊन परदेशी माणसं घ्यायची पद्धत, सुरू झाल्यावर, १९६७ नंतर. त्याआधी म्हणजे पन्नासच्या दशकात भारताचा कोटा वर्षाला दीडशे माणसांचा, ५७ पासून तीनशे, आणि हे अख्ख्या देशातून, त्यामुळे त्या काळच्या इथल्या टेक्निकल हायस्कूलमध्ये आपलं कुणी भेटायची शक्यता जवळजवळ नाहीच. मला त्या शाळा कळल्या त्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं-साचे बनवायच्या खात्यात. माझ्या आजूबाजूच्या बेंचवरचे बहुतेक सगळे तिथूनच आलेले, कुणी सेंट्रल टेकचा, कुणी डॅनफोर्थ टेकचा, कुणी वेस्टर्न टेकचा, आणि लंचला बसले की ही पन्नाशीकडे झुकलेली माणसं शाळेबद्दल इतकं बोलायची की मलाच वाटायला लागलं आपण पण त्यांच्याच वर्गात होतो.

सेंट्रल टेक तू बघितली असशील, बाथर्स्ट आणि हार्बर्डच्या कोपऱ्यावर, १९१५ ला उघडलेली, बाहेरून चक्क दगडी किल्ला वाटते. आणि त्याच हार्बर्ड स्ट्रीटवर थोडं पश्चिमेला चालत गेलं की हार्बर्ड कॉलेजिएट, ती त्याहून जुनी, १८९२ ची. एकाच रस्त्यावरच्या दोन शाळा. एकीत लॅटिन, ग्रेड १३ आणि पुढे युनिव्हर्सिटी. दुसरीत मशीन शॉप, शीट मेटल, ऑटो, इलेक्ट्रिकल, प्रिंटिंग. एकाच गल्लीत राहणारी, एकाच रिंकवर हॉकी खेळणारी मुलं ग्रेड ८ संपलं की सप्टेंबरपासून वेगळ्या दाराने आत जायची आणि बरीचशी परत कधी एका वर्गात बसायचीच नाहीत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचं हे कशावर ठरायचं? थोडं मार्कांवर, बरंचसं बापाच्या पगारावर, आणि खूपसं मास्तरांच्या अंदाजावर, की याच्या घरातलं कोण कॉलेजात जाणार. शाळा सोळाव्या वर्षापर्यंत सक्तीची होती, त्यामुळे तोवर पोराच्या हाताला काहीतरी यावं हा विचार, वाईट नव्हता, पण त्यातूनच आईचं वाक्य जन्माला आलं. आपल्याकडे आयटीआयवाल्याला जे ऐकावं लागतं तेच, फक्त इंग्लिशमध्ये.

आता वर्गात कोण असायचं ते ऐक, कारण मला खरं सांगायचंय ते हेच. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून निर्वासित आले, त्यांना इथले लोक 'डीपी' (डिस्प्लेस्ड पर्सन) म्हणायचे आणि ते काही प्रेमाने नाही. इटलीहून आले, पोलंडहून, युक्रेनमधून. १९५६ ला हंगेरीत उठाव चिरडला गेला तेव्हा सदतीस हजाराच्या आसपास हंगेरियन एकट्या कॅनडाने घेतले. या घरांतल्या मुलांचं इंग्लिश कच्चं, मग कच्चं इंग्लिश म्हणजे कच्चं डोकं असा हिशोब करून कितीतरी जणांना टेकला ढकललं गेलं. माझा एक फोरमन त्यातलाच. तो सांगायचा की सकाळी होमरूममध्ये प्रभूची प्रार्थना आणि 'गॉड सेव्ह द क्वीन' व्हायचं तेव्हा तो नुसते ओठ हलवायचा, इंग्लिशच्या तासाला मान खाली, पण शॉपमध्ये गेला की दोन तास कुणी त्याला परका म्हणून बघायचं नाही, कारण कानस सरळ चालतेय की नाही हे बघायला भाषा लागत नाही.

ग्रेड ९ ला सगळ्यांना थोडं थोडं फिरवायचे, काही आठवडे लाकूडकाम, काही आठवडे शीट मेटल, मग इलेक्ट्रिकल, आणि वरच्या वर्गात गेलं की एक काम धरायचं. निम्मा दिवस शॉप, निम्मा गणित-इंग्लिश-सायन्स. ड्रॉइंगला टी-स्क्वेअर आणि शाई, शाईचा एक थेंब पडला की अख्खी शीट परत. मशीन शॉपला टाय शर्टात खोचायचा, एप्रन घालायचा, आणि पहिलं काम ठरलेलं: लोखंडाचा एक तुकडा कानसने घासून सपाट आणि काटकोनात आणायचा. ऐकायला काहीच नाही. पण उजेडासमोर गुण्या लावून बघितला की मधून फट दिसते, ती घालवायला एक कड घासली की दुसरी उतरते, आणि यात आठवडे जातात. मग मायक्रोमीटर. त्याच्या स्क्रूला इंचाला चाळीस आटे, म्हणजे एक पूर्ण फेरा फिरवला की इंचाच्या हजार भागांतले पंचवीस, तेवढं डोक्यात बसलं की चौदा वर्षांच्या पोराला अपूर्णांक असे समजतात की पुस्तकातून जन्मात समजले नसते. (तुझं गणित चांगलं आहे म्हणून सांगतो, तुला हा भाग फार आवडेल.)

आणि टूल क्रिब. हत्यारांची खोली, खिडकीवर एक मुलगा बसलेला, प्रत्येकाला नंबर कोरलेले पितळी बिल्ले. मायक्रोमीटर हवा तर आपला बिल्ला द्यायचा, तो तिथल्या खिळ्यावर लटकतो, हत्यार परत केलं की बिल्ला परत. कुणी बिल्ला घरी विसरला तर शेजारच्याकडे मागायचा, आणि शेजारच्याने दिला तर हत्याराची जबाबदारी त्याच्या नावावर, पडलं-हरवलं तर बोलणी तो खाणार. फोरमन म्हणायचा, मला या देशात पहिल्यांदा कुणी आपलं मानलं ते तेव्हा, एका आयरिश पोराने मी नीट ओळखत पण नसताना बिल्ला काढून दिला. दोघं पुढे एकाच टूलरूममध्ये निवृत्त झाले. भांडायचे रोज, ते सोड.

म्हणून तुला म्हणतो, कोर्स वरचा का खालचा हे विचारण्याआधी बाजूच्या बेंचवर कोण असेल ते विचार. तुझ्या आत्ताच्या मैत्रिणी सगळ्या एकाच ट्यूशनच्या, सगळ्यांचे आईबाप आयटीत, वाईट काही नाही त्यात, पण शॉपमध्ये तुला अशी मुलं भेटतील ज्यांना तुझ्यापेक्षा काहीतरी नक्की जास्त येतं आणि ज्यांचे मार्क तुझ्याहून कमी आहेत, आणि हे दोन्ही एकाच माणसात एकदम बघायची सवय जितकी लवकर लागेल तितकं चांगलं, मोठेपणी इंजिनियर झालीस तर फार उपयोगी पडेल.

बरं, पण गोडगोडच सांगत नाही. त्या शाळांनी दारं बंदही केली. युनिव्हर्सिटीला जायचं तर ग्रेड १३, त्याची परीक्षा अख्ख्या प्रांताची एकच, १९६७ पर्यंत तशीच चालली, आणि टेकचा साधा डिप्लोमा ग्रेड १२ ला संपायचा. पुढे शिकायचं तर १९४८ ला निघालेली रायर्सन ही तंत्रशिक्षणाची संस्था होती, ग्रेड १२ वर घ्यायचे, आता तिलाच टीएमयू (टोरंटो मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटी) म्हणतात. बाकी अप्रेंटिस व्हा नाहीतर नोकरी धरा. १९६० च्या शेवटी फेडरल कायदा आला, टेक्निकल शाळा बांधायच्या खर्चाचे पंच्याहत्तर टक्के सुरुवातीला ओटावा, म्हणजे केंद्र सरकार, देणार, ऑन्टारियोत धडाधड इमारती उठल्या, १९६२ ला प्रांताचे प्रीमियर रोबार्ट्स यांच्या योजनेने आर्ट्स-सायन्स, कॉमर्स आणि टेक असे तीन रस्ते नीट आखले. आखले खरे, पण एकातून दुसऱ्यात उडी मारणं सोपं नव्हतंच. आणि हातात कला आहे म्हणजे पोटाची चिंता मिटली असंही समजू नकोस. तुमच्या घराजवळ ते मॉल्टन आहे ना, तिथे अॅव्हरोचा विमानांचा कारखाना होता, २० फेब्रुवारी १९५९ ला सरकारने अॅरो विमान रद्द केलं आणि एका दिवसात चौदा हजारांच्या आसपास माणसं घरी. त्यात डिग्रीवाले इंजिनियर होते आणि सोन्यासारखे टूलमेकरही होते, रांगेत सगळे सारखेच.

मुलींचं तर वेगळंच. मुली होत्या, भरपूर होत्या, पण शिवणकाम, ड्रेस डिझाइन, होम इकॉनॉमिक्स, कमर्शियल आर्ट, टायपिंग. लेथवर मुलगी, छे. पण त्यातलीच एक गोष्ट सांगतो. जॉइस वीलंड नावाची मुलगी, आईवडील लहानपणीच गेलेले, चाळीसच्या दशकात सेंट्रल टेकला ड्रेस डिझाइनला आली. तिथे चित्रकला शिकवायला डोरिस मॅकार्थी होत्या, स्वतः मोठ्या चित्रकार, १९३२ पासून १९७२ पर्यंत त्याच शाळेत शिकवलं त्यांनी. त्यांनी या मुलीचं काम बघितलं आणि तिला आर्टला यायला लावलं. १९७१ ला नॅशनल गॅलरीने जॉइस वीलंडचं मोठं प्रदर्शन भरवलं, हयात असलेल्या कॅनेडियन चित्रकर्तीला हा मान पहिल्यांदाच. आणि मला गंमत याची वाटते की तिची गाजलेली कामं बरीचशी क्विल्ट आहेत, कापडाची, सुईदोऱ्याची, म्हणजे आपली गोधडीच की. जे मुलींचं हलकं काम म्हणून बाजूला ठेवलेलं तेच तिने गॅलरीच्या भिंतीवर नेलं. स्पॅडायना स्टेशनला केंडल अॅव्हेन्यूच्या बाजूला तिचं कॅरिबूंचं मोठं क्विल्ट काचेमागे लावलंय, १९७८ चं, डाउनटाउनला गेलीस की उतरून बघ, आईला पण ने.

आता तुझं. तुझ्या वेळी दारं तशी बंद नाहीत, पण एक दार आहे ज्यावर लक्ष ठेवायचं. शॉप हा तुझा इलेक्टिव्ह, एक जागा घेतो, बस. ग्रेड ११ चं फंक्शन्स, म्हणजे गणित, युनिव्हर्सिटी लेव्हलचंच घे, फिजिक्स घे, केमिस्ट्री घे, कारण ग्रेड १२ ला अॅडव्हान्स्ड फंक्शन्स आणि कॅल्क्युलस हवं असेल तर त्याची वाट इथूनच जाते, आणि इंजिनियरिंगला हे सगळं मागतात. गाइडन्स काउन्सिलरने "शॉप घेतेस तर गणित जरा सोपं घे" असं सुचवलं तर गोड हसून नाही म्हण. सुचवतात, अजूनही सुचवतात. फॉर्म भरला की प्रिंट काढून मला दाखव.

आईला सांग की २०२४ पासून हायस्कूलमध्ये येणाऱ्या प्रत्येक मुलाला ग्रेड ९ किंवा १० ला टेक्नॉलॉजीचं एक क्रेडिट सक्तीचं केलंय, हुशार आणि ढ सगळ्यांना. त्यावर पण नाही ऐकलं तर मी रविवारी फोन करतो, बाबांशी नाही, डायरेक्ट तिच्याशीच बोलेन.

आणि शॉपला पहिल्या दिवशी केस घट्ट बांधून जा, लेथवर ग्लोव्हज घालायचे नाहीत कुणी कितीही म्हटलं तरी, आणि आजीने दिलेलं ते कडं घरी ठेव.

तुझा,
काका